पोरांच्या इंग्रजीतली चूक मराठीत शोधा

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवायचा जीआर निघाला आणि जूनच्या शेवटी सरकारने तो मागे घेतला. त्या मधल्या दिवसांत पुण्यात आमच्या धनकवडीत लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, मुलांना शाळेच्या व्हॅनमध्ये बसवताना, सगळीकडे एकच विषय होता, मुलांवर किती भाषांचं ओझं टाकायचं. लोक तावातावाने बोलायचे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असायचं की इंग्रजी तर यायलाच पाहिजे, आणि त्याच्या मागोमाग आवाज जरा खाली करून दुसरं वाक्य यायचं, "पण ताई, येतच नाही हो त्याला. पहिलीपासून शिकतोय, तरी चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत."

हे खरंय. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्येसुद्धा २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीतलं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं आणि तरी वहीत "आय डिडन्ट वेन्ट" असतंच. मी शनिवार-रविवारी घरी सात-आठ मुलांचं इंग्रजी घेते, सहावी ते दहावीची, काही मराठी माध्यमाची, काही सेमीची, दोघं इंग्रजी माध्यमाची. आणि इतक्या वह्या बघून मला एक गोष्ट पक्की कळलीय ती अशी, की यातल्या बऱ्याच चुका आळसाच्या नसतात, दुर्लक्षाच्या तर अजिबात नसतात. पोराने मराठी इतकी चांगली लक्षात ठेवलेली असते की ती इंग्रजीतही तशीच्या तशी उतरते. चूक झाली की आपण ओरडतो, "लक्ष कुठंय तुझं!" लक्ष असतं हो. ते मराठीवर असतं.

एकच वाक्य घेऊ

"आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स."

हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल, ऑफिसात मोठी माणसंही बोलतात. आता हे मराठीत ठेवून बघा, "मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय." राहतोय म्हणजे चालू वर्तमानकाळ, म्हणून "ॲम लिव्हिंग". पासून म्हणजे "सिन्स", शाळेत हाच अर्थ लिहून दिलेला असतो. म्हणजे मुलाने एकही शब्द चुकवलेला नाही, त्याने मराठी वाक्याचं अगदी प्रामाणिक भाषांतर केलंय. तरी वाक्य चुकलं, कारण इंग्रजी इथे दोन जास्तीचे प्रश्न विचारते जे मराठी विचारतच नाही. पहिला प्रश्न, ही गोष्ट मागे कधीतरी सुरू होऊन अजून चालूच आहे का? असेल तर "हॅव बीन लिव्हिंग" म्हण. दुसरा प्रश्न, तू मला सुरुवातीची जागा सांगतोयस की मधलं अंतर? सुरुवातीची जागा असेल तर "सिन्स", अंतर असेल तर "फॉर".

हा दुसरा प्रश्न मुलांना समजत नाही असं मला आधी वाटायचं. मग एकदा सहज बसचं उदाहरण दिलं. स्वारगेट हा स्टॉप आहे आणि आठ किलोमीटर हे अंतर आहे, बरोबर? "मी स्वारगेटपासून चालतोय" असं आपण म्हणतो. "मी आठ किलोमीटरपासून चालतोय" असं म्हणतो का? सगळी पोरं हसली, नाही म्हणाली, "आठ किलोमीटर चालतोय" म्हणतात. बघा, रस्त्याच्या बाबतीत मराठीही तोच फरक करते, फक्त काळाच्या बाबतीत ती सैल सोडते, "सोमवारपासून" पण चालतं आणि "पाच दिवसांपासून" पण चालतं. सोमवार, दसरा, २०२०, तिसरी इयत्ता हे सगळे स्टॉप, त्यांना "सिन्स". पाच दिवस, दोन तास, दहा वर्षं ही अंतरं, त्यांना "फॉर". त्या दिवसानंतर मी सिन्स आणि फॉरचा नियम फळ्यावर लिहिलेला नाही, नुसतं विचारते, "स्टॉप की अंतर?"

याला भाषाशास्त्रात नाव आहे, इंटरलँग्वेज, आपल्या शब्दांत मधली भाषा. म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात ना धड मराठी ना धड इंग्रजी अशी एक स्वतःची तिसरीच भाषा तयार होते आणि तिला स्वतःचे नियम असतात. हे नाव लॅरी सेलिंकर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये रूढ केलं, आणि त्याच्या पाच वर्षं आधी पिट कॉर्डर या ब्रिटिश अभ्यासकाने मांडलं होतं की शिकणाऱ्याची चूक पुसून टाकायची घाई करू नका, ती वाचा, कारण आतमध्ये कुठला नियम चालू आहे ते तिच्यातूनच दिसतं. मला हे फार पटतं. डॉक्टर ताप बघून औषध देतो, पण आधी ताप कशाने आलाय ते बघतो की नाही, तसंच.

एक खुलासा इथेच करते, सगळ्याच चुका मराठीतून येत नाहीत. "चाइल्ड्स" किंवा "गोड" म्हणजे "गो"ला "ईडी" लावून केलेला भूतकाळ, हे इंग्रजांची स्वतःची लहान मुलंही करतात, तो नियम जास्तच मनापासून पाळल्याचा प्रकार आहे आणि तो वाचनाने आपोआप जातो. त्याच्यामागे फार लागू नये.

मराठी कुठे वेगळं वळण घेते

सगळं व्याकरण इथे मांडत बसत नाही, मला जी वळणं सारखी सारखी दिसतात तेवढीच सांगते.

सगळ्यात मोठं वळण "मला"चं. मला भूक लागली, मला राग आला, मला आठवतं, मला दोन भाऊ आहेत. मराठीत या सगळ्या गोष्टी माणसापाशी येतात, माणूस काही करत नाही. राग येतो, आठवण येते, भाऊ असतात. इंग्रजीला हे चालत नाही, तिला वाक्याच्या तोंडाशी कर्ता लागतो, मग भूक असो की भाऊ. म्हणून पोरं लिहितात "माय टू ब्रदर्स आर देअर", कारण त्यांच्या डोक्यात "माझे दोन भाऊ आहेत" चालू असतं. मी त्यांना सांगते की मराठीत "मला" किंवा "माझे" दिसलं की इंग्रजीत आधी त्याचा "मी" करून बघ, "आय हॅव टू ब्रदर्स". नव्वद टक्के काम तिथेच होतं म्हणायला हरकत नाही.

दुसरं क्रियापदाचं. आपलं क्रियापद बिचारं किती राबतं बघा, मी जातो, मी जाते, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात, आणि भूतकाळात तर रामाने आंबा खाल्ला पण भाकरी खाल्ली, म्हणजे खाणारा राम असून क्रियापद भाकरीच्या मागे जातं. इंग्रजीने हे सगळं टाकून दिलं आणि एकच गोष्ट ठेवली, तो-ती-ते असेल तर वर्तमानकाळात शेवटी "एस". मुलांना हे असं सांगितलं ना, की तुला मराठीत इतके सगळे बदल न चुकता येतात, तिथे एका "एस"चं काय एवढं, की त्यांचा चेहरा बदलतो. आणि "आय डिडन्ट वेन्ट" पण याच घरचं, भूतकाळाचं ओझं "डिड"ने उचललंय, आता "गो"ने ते परत उचलायचं नाही. एक पिशवी एकाच हातात.

तिसरं, "अ", "ॲन" आणि "द". मराठीत यांना जोडीदारच नाही, त्यामुळे पोरं एकतर सगळीकडे गाळतात किंवा मिठासारखी भुरभुरवतात. यावर माझा उपाय म्हणजे आपली गोष्ट. "एक म्हातारी होती. ती म्हातारी लेकीकडे निघाली." पहिल्यांदा "एक", कारण ऐकणाऱ्याला म्हातारी माहीत नाही, तो विचारू शकतो "कुठली म्हातारी?" दुसऱ्यांदा "ती", कारण आता ती ओळखीची झाली. जिथे ऐकणारा "कुठली?" विचारू शकतो तिथे "अ" किंवा "ॲन", जिथे त्याला माहीत आहे तिथे "द". एवढ्याने सगळं सुटत नाही, नद्यांना "द" लागतं आणि गावांना लागत नाही असल्या गोष्टी वाचून वाचूनच बसतात, पण पाया हाच. आणि "अ"-"ॲन" ठरतं उच्चारावर, अक्षरावर नाही, हे शाळेत अर्धवट सांगितलं जातं. म्हणून "ॲन अवर" पण "अ युनिव्हर्सिटी", आणि आमदाराला "ॲन एमएलए", कारण तोंडातून "ए" निघतो. एसटीला पण "ॲन एसटी बस". मोठ्याने म्हणून बघायचं, कान सांगतो.

चौथं म्हणजे जोड्या. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. मराठीत एक आला की दुसरा यावाच लागतो, नाहीतर वाक्य लंगडतं. "जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो." म्हणून पोरं लिहितात "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट." त्यांना जोडी पूर्ण केल्याचं समाधान असतं आणि बाई लाल रेघ मारतात. इंग्रजीत यातला एकच ठेवायचा, "ऑल्दो" ठेव नाहीतर "बट" ठेव. "बिकॉज" आणि "सो"चंही तेच. हे लक्षात ठेवा, पुढे पटवून देण्याच्या लिखाणात याचं फार काम पडतं.

आणि मुलं वाक्य संपवतच नाहीत, स्वल्पविराम देत देत पान भरतात, तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवते. मोडी लिपीत कागद लिहायचे तेव्हा पूर्णविराम नव्हताच, अक्षरं सलग चालायची. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडीने, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरूनच घेऊन.

शब्दाचा एकच अर्थ पाठ करू नका

एका रविवारी मी मुलांना विचारलं, "लागणे"ला इंग्रजीत काय म्हणतात? एकजण म्हणाला "टच". मग मी म्हटलं चला, लागणेची वाक्यं सांगा, आणि फळा घेऊन बसले. भूक लागली. आग लागली. दादाला नोकरी लागली. ठेच लागली. वेळ लागला. पाचशे रुपये लागतील. निकाल लागला. डोळा लागला. दार लागलं. आमटी खारट लागते. आजीला ऊन लागलं. सवय लागली. दहावीतला एकजण तोपर्यंत गप्प होता, तो म्हणाला, "पोरं अभ्यासाला लागली." फळा भरला.

मग एकेकाचं इंग्रजी करायला घेतलं. भूक लागली, "आय ॲम हंग्री", इथे क्रियापदच गेलं. नोकरी लागली, "ही गॉट अ जॉब". आग लागली, "अ फायर ब्रोक आउट". वेळ लागला, "इट टुक टाइम". निकाल लागला, "द रिझल्ट इज आउट". डोळा लागला, "आय डोज्ड ऑफ". खारट लागते, "इट टेस्ट्स सॉल्टी". एका मराठी शब्दाला इतके वेगवेगळे इंग्रजी शब्द, आणि "टच" त्यात एकदाही आला नाही. मुलं थक्क झाली होती आणि खरं सांगायचं तर मीही, कारण माझ्या तोंडात हा शब्द दिवसभर असतो आणि मी कधी असा समोर मांडून बघितला नव्हता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्या कामात हेच कँडी होते, त्यात "लागणें"ची नोंद चांगली लांबलचक आहे. एका मराठी शब्दापुढे एक इंग्रजी शब्द लिहून भागत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आपण मात्र अजून मुलांच्या वहीत दोन रकाने आखून "वर्ड" आणि "मीनिंग" लिहून घेतो.

शब्दाला अर्थ असतो तशी सोबतही असते. आपण कडक चहा म्हणतो, कडक ऊन म्हणतो, कडक शिस्त आणि कडक इस्त्रीही म्हणतो. इंग्रजीत चहा "स्ट्राँग", ऊन "हार्श", शिस्त "स्ट्रिक्ट". "हार्ड टी" कुणी म्हणत नाही. आणि पाऊस मुसळधार असतो तो तिथे "हेवी" असतो. यात कुठलं तर्कशास्त्र नाही, कोण कोणाबरोबर बसतं एवढंच आहे, जसं आपल्याकडे झोप गाढ असते आणि धुकं दाट असतं, गाढ धुकं नसतं. याला भाषेच्या अभ्यासात शब्दांचं साहचर्य म्हणतात, मी मुलांना सोबत म्हणूनच सांगते.

अजून एक खड्डा म्हणजे आपल्या मराठीतलेच इंग्रजी शब्द. आपण जेवायला जातो त्या जागेला हॉटेल म्हणतो, इंग्रजीत हॉटेल म्हणजे राहायची सोय असलेलं. शाळेचं गॅदरिंग म्हणजे आपल्याकडे नाच, नाटक, बक्षीस समारंभ, बाहेरच्याला सांगितलं तर त्याला वाटेल चार माणसं जमली होती. "तो स्मार्ट दिसतो" म्हणजे आपल्याला देखणा म्हणायचं असतं, इंग्रजीत स्मार्ट म्हणजे हुशार नाहीतर टापटीप. हे शब्द मराठीत अजिबात चूक नाहीत, ते आता मराठीच आहेत, आपल्या भाषेने त्यांना आपल्या कामाला लावलंय. फक्त इंग्रजीत परत पाठवताना त्यांचे कपडे बघायचे. उलटाही प्रवास होतो, इंग्रजीतला "मंगूस" हा शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय, हे सांगितलं की मुलं फार खूश होतात.

मग करायचं काय, तर अप्पा बळवंत चौकातून एक चांगली लर्नर्स डिक्शनरी घ्यायची, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. यातला सगळ्यात नावाजलेला कोश ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तयार केला, तो १९४२ मध्ये तिथेच पहिल्यांदा छापला गेला. त्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो आणि मुख्य म्हणजे प्रत्येक अर्थाला वाक्य असतं. आणि वहीत दोन रकान्यांऐवजी एका शब्दाला तीन ओळी द्यायच्या, हा शब्द मला कुठल्या वाक्यात भेटला, त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, आणि माझ्या घरातलं माझं एक वाक्य. दिवसाला पाच शब्द पाठ करण्यापेक्षा आठवड्याला पाच असे झाले तरी मला चालतात.

पटवून देणं, म्हणजे नुसतं मत सांगणं नाही

बोर्डाच्या इंग्रजीत "व्ह्यू-काउंटरव्ह्यू" नावाचा प्रकार असतो, एक मत दिलेलं असतं आणि त्याच्या उलटी बाजू मांडायची. पोरं यात हमखास गळपटतात. व्याकरण बरं असलेली सुद्धा.

माझ्याकडे आठवीतली एक मुलगी येते, तिच्या शाळेच्या रस्त्यावर फूटपाथवरून टू-व्हीलर जातात आणि तिला त्याचा भयंकर राग आहे. म्हटलं एखाद्या इंग्रजी पेपरच्या संपादकांना पत्र लिही. तिने लिहून आणलं. "फूटपाथ इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ. एव्हरीवन शुड फॉलो रूल्स. वी शुड नॉट ड्राइव्ह ऑन फूटपाथ. इट इज व्हेरी व्हेरी डेंजरस." एखाद-दुसरा "द" सोडला तर फारसं चुकलेलं नाही, पण हे वाचून कोण गाडी खाली उतरवेल?

मी तिला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं आणि आपल्याकडची एक जुनी रीत दाखवली. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, एखादी गोष्ट सिद्ध करायला पाच पायऱ्या सांगितल्यात, त्यांचं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर दिसतोय, हा उपनय, म्हणजे उदाहरण इथे लागू करणं. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. आता तिचं पत्र बघा, त्यात पहिली पायरी चार वेळा होती आणि बाकीच्या चार नव्हत्याच. आग आहे, आग आहे, फार आग आहे. धूर कुठंय?

ती म्हणाली, "पण मावशी, सगळ्यांना दिसतंच की." तुला दिसतं, वाचणाऱ्याला नाही दिसत. दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी शाळेच्या आधी पंधरा मिनिटं कोपऱ्यावर उभी राहिली आणि वहीत रेघा मारल्या, चार उभ्या, एक आडवी, असे गठ्ठे. नऊ गठ्ठे आणि वर दोन रेघा. शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, "एक आजोबा भिंतीला चिकटून उभे राहिले, तीन गाड्या गेल्या मग चालले." हे वाचल्यावर मी म्हटलं तुझं पत्र झालं, आता फक्त इंग्रजीत आणायचं. ते आजोबा म्हणजे धूर होता.

पण अजून एक गोष्ट राहिली होती आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या जुन्या ग्रंथांत वाद घालताना आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि तेही असं की समोरच्याने म्हणावं, हो, हेच मला म्हणायचं होतं. मग उत्तर. "व्ह्यू-काउंटरव्ह्यू" म्हणजे दुसरं काय आहे? पुण्यातल्या मुलांना तर हे परकं वाटायलाच नको. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, पुढच्याच वर्षी मराठीत केसरी आणि इंग्रजीत मराठा सुरू केला, आणि नंतर टिळक-आगरकरांचं सामाजिक सुधारणेवरून बिनसलं तेव्हा आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढलं, त्याचा इंग्रजी भाग गोखले बघायचे. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी आगरकर म्हणत होते कायदा हवा, आणि टिळक म्हणत होते परक्या सरकारने कायद्याने सुधारणा लादू नये. याच गावात, दोन्ही भाषांत, शाईने भांडत होते. नववीच्या पुढच्या मुलांना मी हा वाद दोन्ही बाजूंनी मांडायला देते, ज्याला आगरकर पटतात त्याने टिळकांची बाजू लिहायची.

एक बारकी गोष्ट "वी"ची. मराठीत "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत, "आपण"मध्ये ऐकणारा येतो, "आम्ही"मध्ये तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोन्हीला "वी". तिने पत्र नव्याने लिहिलं तेव्हा एका ओळीत "वी शुड नॉट ड्राइव्ह" होतं आणि पुढच्या ओळीत "वी आर अफ्रेड". पहिल्या "वी"मध्ये गाडीवाले आहेत, दुसऱ्यात फक्त चालणाऱ्या मुली. वाचणारा गोंधळणारच. तिने दुसऱ्या जागी "वी, द गर्ल्स हू वॉक टू स्कूल" केलं आणि वाक्य एकदम उभं राहिलं.

पण इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायला पाहिजे ना?

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि त्यात तथ्य आहे. इंग्रजी कानावर पडायला पाहिजे, डोळ्यांखालून भरपूर जायला पाहिजे, तोंडातून चुकत-माकत निघायला पाहिजे, त्याला दुसरा रस्ता नाही. माझ्याकडे पहिला अर्धा तास मोठ्याने वाचनच असतं. पण चूक का झाली हे समजावणं वेगळं काम आहे. "सिन्स" आणि "फॉर"चा फरक इंग्रजीतून सांगायला मला वीस मिनिटं लागायची आणि कळायचं नाही, स्वारगेटने दोन मिनिटांत कळतं. पोहायला पाण्यातच शिकतात, पण काठावरून ओरडणारा माणूस आपल्याच भाषेत ओरडला तर बरं पडतं. आणि सगळं मराठीत भाषांतर करत बसा असं मी म्हणत नाहीये, उलट कुठे भाषांतर करायचं नाही हे कळण्यासाठी दोन्ही भाषा एकदा शेजारी ठेवाव्या लागतात.

मोबाईलच सगळं दुरुस्त करतो, मग एवढं कशाला?

करतो, आणि छान करतो, मी स्वतः वापरते. त्या मुलीनेही पत्र एआयला देऊन बघितलं. व्याकरण सगळं नीट झालं, शब्द भारी आले. पण नऊ गठ्ठे आणि दोन रेघांच्या जागी "अ लार्ज नंबर ऑफ व्हेइकल्स" आलं होतं आणि आजोबांच्या जागी "सीनियर सिटिझन्स फेस डिफिकल्टीज". धूर गेला आणि परत नुसती आग आहे, आग आहे राहिलं. तिला स्वतःलाच ते आवडलं नाही, "हे माझं नाहीये," म्हणाली. म्हणून मी मुलांना सांगते, आधी स्वतः लिहा, मग त्याला दुरुस्त करून दे म्हणू नका, माझी कुठली वाक्यं चुकलीत आणि का ते मराठीत सांग म्हणा. ते कारण तुमच्या डोक्यात राहतं, दुरुस्त केलेलं वाक्य मोबाईलमध्येच राहतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल नसतो, इंटरव्ह्यूच्या खुर्चीवर पण नसतो.

आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?

हे म्हणताना आईवडील खाली बघतात, ते मला बघवत नाही. तुम्हाला मराठी येते ना, मग अर्ध्याहून जास्त मदत तुम्हीच करू शकता. पोराने इंग्रजीत काही लिहिलं की त्याला विचारा, तुला काय म्हणायचंय ते मला मराठीत सांग. तिथेच कळतं की घोळ इंग्रजीचा आहे की विचाराचा. नवीन शब्द आणला तर विचारा, हा कुणाबरोबर येतो, एक वाक्य कर. आणि निबंध असेल तर समोरच्या बाजूने भांडा त्याच्याशी, खरंखुरं भांडा.

त्या मुलीचे वडील टू-व्हीलरवर हिंजवडीला जातात. तिने त्यांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते आधी गप्प बसले आणि मग म्हणाले, "अगं, मी पण कधीकधी फूटपाथवर घेतो गाडी. सिग्नलला दहा-दहा मिनिटं हलत नाही, आणि ऑफिसला लेट मार्क लागतो. मग माणसाने काय करायचं?" तिला पूर्वपक्ष घरात बसल्या जागी मिळाला. पत्रात तो असा आला, की "माय फादर आल्सो डज धिस समटाइम्स, बिकॉज द ट्रॅफिक डज नॉट मूव्ह अँड हिज सॅलरी इज कट इफ ही इज लेट. आय अंडरस्टँड हिम. बट द ओल्ड मॅन ॲट द वॉल वॉज आल्सो गोइंग समव्हेअर." शेवटचं वाक्य तिने कुणालाही न विचारता लिहिलं. "द ओल्ड मॅन", "अ" नाही, कारण वर एकदा तो येऊन गेला होता.

पत्र पाठवलंय, अजून छापून आलेलं नाही. काल दुसरं पत्र लिहायला बसली होती, आठवण करून द्यायला. "आय हॅव बीन वेटिंग" लिहून पेन थांबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तीन आठवडे म्हणजे अंतर ना?"